साखर हॉटेलात आई-बाबा (व्हिएन्ना, दोन रात्री)

चिंचगूळ | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. मागे इथंच विचारलं होतं की आई-बाबा तीन महिन्यांसाठी म्युनिकला आलेत, लग्नाला ४५ वर्षं होतायत, काय करू. निम्म्यांनी स्वित्झर्लंड सांगितलं, निम्म्यांनी सांगितलं गुडघे दुखतात तर घरीच श्रीखंड-पुरी कर. मी यातलं काहीच केलं नाही. दोघांना व्हिएन्नाच्या हॉटेल झाखरमध्ये दोन रात्री ठेवलं. दोघांनाच. आम्ही नवरा-बायको स्टेशनजवळच्या स्वस्तातल्या हॉटेलात, कारण दोन खोल्या झेपणाऱ्या नव्हत्या, आणि एकाच खोलीत चौघं राहू ही आयडिया नवऱ्यानं मांडली तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, विषय संपला.

हे खूळ का, तर बाबा. बाबा सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. ३४ वर्षं विकास सोसायट्या नि पतपेढ्यांची दप्तरं तपासली, महिन्यातले पंधरा दिवस फिरती. मुक्काम सरकारी विश्रामगृहात, तेही कुणी साहेब येणार नसतील तर, नाहीतर एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर. होल्डॉलमध्ये स्वतःची चादर, स्वतःचा तांब्या आणि स्वतःचं कुलूप, कारण लॉजच्या कुलपावर विश्वास नाही. लहानपणी ते फिरतीवरून आले की मी विचारायचे हॉटेल कसं होतं, आणि ते ठरलेलं उत्तर द्यायचे, "ढेकूण नव्हते." संपलं. हे त्यांचं फाइव्ह स्टार रेटिंग.

गेलो रेलजेट ट्रेननं, म्युनिकहून चार तास. व्हिएन्नाच्या मेन स्टेशनवर टॅक्सी करू म्हटलं तर बाबा म्हणे दोन स्टेशनांसाठी टॅक्सी कशाला. दोनच स्टेशनं आहेत हे खरं, मेट्रोनं कार्ल्सप्लाट्झ आणि तिथनं चालत ऑपेरा हाउसच्या मागे. तर अशी आमची वरात, चार माणसं, तीन ट्रॉल्या खडखडताहेत, आणि बाबांच्या हातात ती तपकिरी रेक्झिनची बॅग जिची चेन गेलीये म्हणून आईनं नाडीनं बांधलीये. दारवान पुढे आला, बॅगेला हात घातला. बाबांनी सोडली नाही. "नो नो, लाइट वेट." तो एका बाजूनं, बाबा दुसऱ्या. मला वाटलं आता नाडी तुटते आणि १८७६ सालच्या हॉटेलच्या पायरीवर बाबांचे लेंगे सांडतात. पण त्यानंच हात काढला, जरासा वाकला, आईची ट्रॉली उचलली आणि बाबांच्या एक पाऊल मागे चालायला लागला. बाबा नंतर म्हणाले, माणूस समजूतदार आहे, ओढाताण केली नाही.

चेक-इन झाल्यावर बाबांनी विचारलं तुमची खोली कुठली. मी म्हटलं वरच्या मजल्यावर.

बाकी उद्या, सकाळी ऑफिस आहे.

---

ठाण्याचा_निल्या | १८ नोव्हें., ११:२६

पहिला! लेंगे सांडतात ला फुटलो. एक बाळबोध शंका, हे झाखर म्हणजे तेच का ते चॉकलेट केकवालं? मी आजवर साचेर म्हणत आलोय आणि बायकोसमोर ठासून म्हणत आलोय.

---

चिंचगूळ | ११:३१

तेच. मी म्युनिकच्या जर्मनमध्ये झाखर म्हणते, आई पहिल्या दिवसापासून "साखर हॉटेल" म्हणतेय आणि मी दहा वेळा दुरुस्त केलं. मग तिथल्या रिसेप्शनिस्टनं तोंड उघडलं, तर ती चक्क साखरच म्हणाली. ऑस्ट्रियन लोक तो सुरुवातीचा स झसारखा घोळत नाहीत, सरळ स म्हणतात. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त पदर सारखा केला.

---

केकवाली_काकू | १९ नोव्हें., सकाळी ७:०५

केकचं नाव निघालं की मला राहवत नाही, माफ करा. गोष्ट अशी सांगतात की १८३२ मध्ये ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटरनिख, त्याच्याकडे पाहुणे यायचे होते, मुख्य आचारी आजारी, तर सोळा वर्षांच्या फ्रान्झ झाखर नावाच्या शिकाऊ पोरानं हा केक केला. हॉटेल त्यानं नाही काढलं, त्याच्या मुलानं काढलं, एडुआर्डनं. हा एडुआर्ड आधी डेमेल नावाच्या दुकानात शिकला होता, आणि इथेच पुढच्या भांडणाचं मूळ. डेमेल म्हणणार खरा केक आमचा, हॉटेल म्हणणार आमचा. कोर्टात वर्षानुवर्षं केस, जर्दाळूच्या जामचे थर एक की दोन, लोणी की मार्गरिन, यावर काळे कोट घालून लोक भांडलेत. शेवटी १९६३ मध्ये तडजोड. "ओरिजिनल झाखर-टोर्ट" हे नाव हॉटेलला. हॉटेलच्या केकात जामचे दोन थर, एक मधोमध आणि एक चॉकलेटच्या पापुद्र्याखाली. डेमेलकडे फक्त वरचा.

माझं मत विचाराल तर दोन्ही जरा कोरडेच. म्हणून तर बाजूला ते बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम देतात, ते लावून खायचं असतं. लोक क्रीम बाजूला सारतात नि मग म्हणतात कोरडा आहे. आणि हो, अंडं असतं, भरपूर असतं, शाकाहारी मंडळींनी तिथं जाऊन वेटरला एगलेस विचारू नये.

---

हिशेबनीस | १९ नोव्हें., ९:४०

छान लिहिलंय, पण एक सरळ प्रश्न. रात्रीचे किती पडले? कारण मी साइटवर बघितलं आणि साइट बंद केली.

---

चिंचगूळ | ९:५८

६०० युरोच्या आसपास रात्रीला. नाश्ता वेगळा. (बाबा हा धागा वाचत नाहीत, त्यांना लिंक पाठवणाऱ्याला शाप लागेल.)

---

हिशेबनीस | १०:१५

म्हणजे १२०० युरो, आपले सव्वा लाख. झोपायला. डोळे मिटल्यावर ६०० युरोची गादी आणि ८० युरोची गादी सारखीच. राग नको, पण तुम्ही स्वतः स्टेशनजवळ झोपलात ना, तुमची झोप काय वाईट झाली? त्याच शहरात त्याच हॉटेलच्या खाली कॅफे आहे, तिथं केक-कॉफी घ्यायची, फोटो काढायचा, घरी यायचं. वीस युरोत साखर हॉटेल झालं. आईवडिलांना काय फरक कळतो. उरलेल्या पैशात गावाकडच्या घराचा पत्रा बदलून होतो.

---

लॉबीतला_माणूस | १०:५२

हिशेबनीस, मी अकरा वर्षं युरोपात दोन शहरांत मोठ्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला होतो, आता पुण्यात आलोय. तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे, गादीचे पैसे नसतातच ते. मोठ्या हॉटेलात पैसे असतात माणसांचे. पाहुणा एक आणि त्याच्याकडे बघणारे डोळे किती. तुम्ही उशी कुठल्या बाजूला सरकवली, चहा घेता की कॉफी, डावखुरे आहात का, हे कुणीतरी बघतं आणि लिहून ठेवतं, आणि संध्याकाळच्या शिफ्टच्या माणसाला ते माहीत असतं. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याची फाइल असायची. ते चांगलं की वाईट हा वेगळा धागा होईल.

कधी जाणार असाल तर चार गोष्टी सांगतो, कुणी सांगत नाही म्हणून. चेक-इनला कार्डावर खोलीच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम अडकवून ठेवतात, ती खर्च झालेली नसते, पण तेवढी वापरता येत नाही. त्यामुळे तिथं क्रेडिट कार्ड द्यायचं, डेबिट नाही म्हणजे नाही. मिनीबारमधली बाटली उचलून बघू नका, काही ठिकाणी खाली सेन्सर असतो, उचलली की बिलात. कोटाच्या कॉलरवर सोन्याच्या दोन किल्ल्या एकमेकींवर असलेला माणूस दिसला तर तो साधा रिसेप्शनिस्ट नव्हे, ती कॉन्सिअर्ज, म्हणजे पाहुण्यांची नडलेली कामं करून देणाऱ्या लोकांच्या संघटनेची खूण आहे, संघटना १९२९ मध्ये पॅरिसला सुरू झालेली, तिकिटं, डॉक्टर, तुटलेला चष्मा, काहीही त्याला विचारा. आणि तारखा बघून जा. व्हिएन्नात नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा मधला काळ त्यातल्या त्यात परवडतो. ऑपेरा बॉलच्या (ऑपेरा हाउसमधला वर्षाचा मोठा नाचाचा सोहळा) आठवड्यात, म्हणजे तो अॅश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांच्या उपासाचा पहिला दिवस) आधीच्या गुरुवारी असतो तेव्हा, साइट उघडूच नका, हिशेबनीसांना तर मी हात जोडून सांगतो.

---

पॅरिसची_पारू | ११:३०

डेबिट कार्डाला +१००. नवऱ्याच्या ऑफिसमुळे तीन रात्री पॅरिसला पाच तारेवाल्या हॉटेलात होतो, नाव घेत नाही. आमचं डेबिट कार्ड दिलं आणि अडकवलेले पैसे सुटायला सोळा दिवस लागले, रोज फोन, हॉटेल म्हणे बँकेला विचारा, बँक म्हणे हॉटेलला. तिसऱ्या दिवशी आम्ही सुपरमार्केटमधून ब्रेड आणून झुंबराखाली बसून खाल्लाय.

आणि पॅरिसला टुरिस्ट टॅक्स बघून ठेवा, २०२४ मध्ये एकदम तिप्पट झाला, लोकल ट्रेन-मेट्रोला पैसे हवेत म्हणून. पाच तारेला माणशी रात्रीचे १०.७३ युरो होते तेव्हा. आमच्या दोघांचे तीन रात्रींचे ६४ च्या वर गेले, पोरांना माफ, १८ खालच्यांना लागत नाही. पाच ताऱ्यांच्या वर तिथं अजून एक पायरी असते, तिला "पॅलेस" म्हणतात, सरकार देतं तो दर्जा, त्यांना तेव्हा १४.९५. गंमत म्हणजे ज्या रिट्झच्या नावावरून इंग्रजीत थाटमाटाला "रिट्झी" हा शब्द आला त्याच्या पाटीवर तो पॅलेस दर्जा नाही.

---

चिंचगूळ | १९ नोव्हें., रात्री १०:२०

हिशेबनीस, राग नाही, नवऱ्यानं अगदी हेच वाक्य म्हटलं होतं, पत्रा सोडून. उत्तर माझ्याकडे नाही, पुढे काय झालं ते सांगते.

खोलीत शिरल्यावर बाबांनी ऑडिट सुरू केलं. कोट काढायच्या आधी. दिवे किती, टॉवेल किती, हँगर किती, खिडकी उघडते का, कडी लागते का. मग पलंग. तिकडे डबलबेडवर एक मोठं पांघरूण नसतं, दोघांना दोन वेगळी, शेजारी शेजारी घडी घालून ठेवलेली. आई म्हणाली हे बरंय, ४५ वर्षं हे माझं पांघरूण ओढतायत. बाबांनी भिंतीवरचं चित्र खरं की छापील हे चष्मा लावून बघितलं आणि काही बोलले नाहीत. नळाचं पाणी पिऊ का विचारलं, मी म्हटलं प्या, आल्प्समधलं आहे. हे मात्र त्यांना मनापासून पटलं, कारण त्यांनी लगेच विचारलं योजना कधीची. १८७३ ची आहे म्हटलं, दुसरी लाइन १९१० ची, डोंगरातल्या झऱ्यांवरून थेट शहरात. बाबा ग्लास उजेडात धरून म्हणाले, दीडशे वर्षं चाललीये, आणि आपल्याकडे उद्घाटन झालं की व्हॉल्व्ह फुटतो. दोन दिवसांत त्यांनी मिनीबारचं दार उघडलं नाही, चार ग्लास पाणी मात्र प्रत्येक वेळी कौतुकानं प्यायले.

रात्री दहाला आम्ही आमच्या हॉटेलात पोचलो, पावणेअकराला बाबांचा व्हॉट्सअॅप कॉल. हळू आवाजात. "तेरा दिवे आहेत. बारा घालवले. तेरावा कुठनं जातो?" म्हटलं रिसेप्शनला शून्य फिरवा. "एवढ्यासाठी?" त्यांना विचारायचं नव्हतं, त्यांनी उभ्या आयुष्यात लॉजवाल्याला काही मागितलं नाही, मागितलं की मिंधेपणा येतो म्हणायचे. लेखापरीक्षकानं सोसायटीच्या सेक्रेटरीचा चहासुद्धा घ्यायचा नाही, स्वतःचा चहा स्वतःच्या पैशानं समोरच्या टपरीवर. असा माणूस. शेवटी आईनं फोन फिरवला, आणि मराठीत म्हणाली, दिवा जात नाहीये. दोन मिनिटांत एक मुलगा आला, पलंगाशेजारचं बटण दाखवलं, गुड नाइट म्हणून गेला. बाबा म्हणाले, "हसला नाही."

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दोनदा सांगितलं. हसला नाही.

---

षड्ज_पंचम | १०:४५

वा. अवांतर पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्या हॉटेलच्या जागी आधी केर्न्टनरटोर थिएटर होतं. ७ मे १८२४, बेटोव्हनची (आपण बीथोव्हन म्हणतो तो संगीतकार) नववी सिंफनी पहिल्यांदा तिथं वाजली. तो पूर्ण बहिरा, स्टेजवर उभा, टाळ्या त्याला ऐकू येईनात, तेव्हा एका गायिकेनं त्याला धरून प्रेक्षकांकडे वळवलं म्हणतात. आई-बाबा त्या जागेवर झोपले!

---

चिंचगूळ | १०:५१

बाबांना आत्ताच सांगितलं. म्हणाले, म्हणजे चालू नाट्यगृह पाडून हॉटेल बांधलं? ठराव कुणी मंजूर केला?

---

षड्ज_पंचम | १०:५५

बाबांना साष्टांग. त्यांना सांगा शेजारी नवीन ऑपेरा १८६९ ला सुरू झाला होता, मगच जुनं पाडलं. आणि तो नवीनही १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्बनं जळाला, १९५५ मध्ये परत उघडला.

---

थेम्सकाठची | २० नोव्हें., दुपारी १:१०

कसलं गोड लिहिलंयस गं. आमच्या लंडनचं पण लिहिते मग. लग्नाच्या वाढदिवसाला सॅव्हॉयला चहाला गेलो होतो, राहायला नाही, राहायची ऐपत नाही. स्ट्रँड रस्त्यावरून हॉटेलच्या गल्लीत वळताना टॅक्सीवाला सरळ उजव्या बाजूनं आत घुसला, मी मागून किंचाळले, भाऊ राँग साइड! तो शांतपणे म्हणाला मॅडम इथं असंच असतं. इंग्लंडमध्ये गाड्या डावीकडून आणि त्या गल्लीत मात्र उजवीकडून. ते हॉटेल १८८९ चं, त्या काळी विजेचे दिवे आणि लिफ्ट. आत एक लाकडी काळं मांजर आहे, कास्पर नावाचं. टेबलावर तेरा माणसं झाली की चौदावी खुर्ची त्याला, गळ्यात नॅपकिन बांधून, प्रत्येक कोर्स वाढतात म्हणे. १९२७ पासून. आपण अपशकुनाला लिंबू-मिरची बांधतो तर हसतात, हे मांजराला सूप वाढतात.

बाकी लंडनच्या रिट्झला चहाला जाणार असाल तर पुरुषांना कोट-टाय लागतो, जीन्स चालत नाही.

---

मोदकराव | २० नोव्हें., १:३०

सगळं छान पण मुद्द्याचं कुणी बोलत नाही. जेट स्प्रे होता का?

---

चिंचगूळ | १:३४

आईच्या पर्समध्ये एक लिटरची रिकामी बाटली दाराबाहेर पडल्यापासून असते. पुढे विचारू नये.

---

मोदकराव | १:३५

धन्य. माऊली.

---

कशिदा_कट्टा | २० नोव्हें., ३:१५

मला तिथला तो टेबलक्लॉथ बघायचाय! एडुआर्ड गेल्यावर त्याची बायको अॅना झाखर हॉटेल चालवायची, सिगार ओढायची, बुलडॉग बाळगायची, आणि मोठमोठ्या पाहुण्यांच्या सह्या कापडावर घेऊन स्वतः भरायची. तुमच्या आईंनी बघितला का?

---

चिंचगूळ | २० नोव्हें., रात्री १०:०५

बघितला?? आई त्याच्यासमोरून हलेना. मी सांगितलं मधली सही बादशहा फ्रान्झ योझेफची, तिला बादशहाशी काही घेणं नाही, ती चष्मा कपाळावर ढकलून काचेला नाक लावून टाके बघतेय. म्हणाली, हा दांडीटाका वाटतोय, पण उभ्या रेघेला दोरा बदललाय, एवढं हॉटेल सांभाळून हिला वेळ कधी मिळायचा? मग जरा थांबून, रात्री बसत असेल. बाबांना गाठायला मी पुढे गेले नि मागे वळून बघितलं तर ती बोटानं हवेत ती सही गिरवत होती.

आईचं दुसरं म्हणजे अंथरूण. सकाळी उठल्या उठल्या तिनं दोन्ही पांघरुणांच्या घड्या घातल्या, चादर ताणली, उश्या थापटल्या, बेसिन पुसलं. मी म्हटलं अगं ते करायला माणसं आहेत. म्हणे आपलं आवरून ठेवायचं, ती येईल तिला जरा बसायला मिळेल. खोली आवरायला जी बाई यायची ती पन्नाशीची, सर्बियाकडची असावी, पलंग बघून ती दारातच थबकली म्हणे. मग दोघींचं काहीतरी बोलणं झालं. आई मराठीत, ती तिच्या भाषेत. काय झालं विचारलं तर आई म्हणाली तिला दोन मुली आहेत, धाकटीचं लग्न व्हायचंय, पाठ दुखते. हे कसं कळलं ते आईलाच माहीत.

बाबांना मानेखाली टॉवेलची सुरळी घेऊन झोपायची सवय आहे, स्पाँडिलायटिस. पहिल्या रात्री घेतली, सकाळी सोडून जागेवर ठेवली. दुसऱ्या रात्री खोलीत आले तर त्यांच्या बाजूला टॉवेलची घट्ट सुरळी, वर पांढरा अभ्रा चढवलेली. कुणाला सांगितलं नव्हतं. लॉबीतला_माणूस, तुम्ही फाइलचं लिहिलंत तेव्हा मला तेच आठवलं. बाबा पलंगाच्या कडेला बसून ती सुरळी दाबून बघत होते, बराच वेळ. मग म्हणाले, "हिला काहीतरी द्यायला पाहिजे, पण रोख दिले तर बरं दिसेल का?" दोन युरो द्यावेत की पाच यावर दोघांचं झालं, शेवटी आईनं पर्समधला क्रोशाचा रुमाल काढला आणि बाबांनी पाचाची नोट, दोन्ही उशीवर ठेवलं.

---

हिशेबनीस | १०:३०

बरं. सुरळीचं पटलं. पत्र्याचं तेवढं मागे घेतो. बाकी सव्वा लाख हा आकडा तसाच आहे.

---

ठाण्याचा_निल्या | १०:३२

हिशेबनीसांनी काहीतरी मागे घेतलं! धाग्याचा स्क्रीनशॉट काढा रे.

---

लॉबीतला_माणूस | १०:४८

पाच युरो अगदी बरोबर, आणि उशीवर ठेवलेत हेही, टेबलावर ठेवले तर त्या हात लावत नाहीत, विसरले असतील समजून. सुरळी करणाऱ्या बाईंना कुणी शिकवलेलं नसतं, हे सांगून ठेवतो. फाइलमध्ये नंतर जातं.

---

ठाण्याचा_निल्या | २१ नोव्हें., सकाळी ९:००

ऑपेरा बघितलात का मग, एवढं समोर राहून?

---

चिंचगूळ | २१ नोव्हें., ९:२५

दोघांनी बघितला, बसून, तिकिटं आधी काढलेली. आम्ही दोघं उभ्याच्या तिकिटावर, स्वस्तात मिळतं, जागा धरायची म्हणजे कठड्याला स्कार्फ बांधून ठेवायचा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. समोर छोट्या पडद्यावर शब्दांचा अर्थ येतो. बाबा पहिल्या अंकात झोपले, दुसऱ्यात जागे झाले, तिसऱ्यात म्हणाले बाई मरायला फार वेळ घेतेय.

सुटल्यावर बाहेर अल्बर्टिना म्युझियमसमोर एक सॉसेजची टपरी आहे, हॉटेलच्या अगदी शेजारी. फरकोट घातलेल्या बायका, बो टाय लावलेले पुरुष, उभ्यानं कागदाच्या बशीत सॉसेज-मोहरी खाताहेत. ही टपरीसंस्कृती ऑस्ट्रियानं २०२४ मध्ये वारसा म्हणून नोंदवलीये. आईला सॉसेज चालत नाही, तिनं नुसता ब्रेड खाल्ला, आणि मोहरीचं बोट चाटून म्हणाली, हं, आपली कासुंदी.

तर तिथं उभं असताना बाबांनी हळूच कोटाच्या खिशातनं टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. दोन क्रॉसाँ आणि जामच्या दोन इवल्या बाटल्या. सकाळच्या नाश्त्यातल्या. म्हणाले, "तिकडे स्टेशनाजवळ नाश्ता देत नसतील."

मी काय बोलणार. विचारलं कधी कळलं. म्हणे पहिल्याच सकाळी. खोलीतून खोलीत यायला कुणी मफलर गुंडाळून येत नाही, आणि तुझं नाक लाल होतं.

३४ वर्षं कुणाचा चहा घेतला नाही त्या माणसानं, हे लिहून झालंय वर. क्रॉसाँ चेपून सपाट झाले होते, दिवसभर खिशात होते ना. आम्ही रात्री हॉटेलवर जाऊन खाल्ले.

---

केकवाली_काकू | ९:४०

आता सकाळी सकाळी डोळे पुसायला लावलेस. 

---

थेम्सकाठची | ९:५२

बाबांचं शेवटी रेटिंग काय मग? ढेकूण?

---

चिंचगूळ | १०:१०

परतीच्या ट्रेनमध्ये विचारलं. लिंत्स येईपर्यंत बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "बरं होतं. तेरावा दिवा सोडला तर."

---

हिशेबनीस | १०:१४

आणि बिल? त्यांनी बिल बघितलं नाही हे मी मान्य करणार नाही. लेखापरीक्षक माणूस.

---

चिंचगूळ | १०:२०

मी चेक-आउट ते नाश्त्याला असतानाच उरकलं आणि पावती फाडून टाकली. काल विचारत होते पावती कुठाय, म्हटलं हरवली. आज सकाळी मला कागद दिलाय, त्यावर खोली नंबर, तारखा आणि हॉटेलचा पत्ता त्यांच्या अक्षरात नीट लिहिलाय. ड्युप्लिकेट मागवायला.